अंबरी: शीतगृहाविना हिवाळा काढणारं सफरचंद

(दृश्य: फांदीवरचं फळ, जवळून)
हे अंबरी. काश्मीर खोऱ्यातलं जुनं, तिथलंच सफरचंद. डेलिशियस या परदेशी जातीचा गडद, एकसारखा लाल रंग याच्याकडे मागू नये. पिवळसर हिरव्या सालीवर लाल पट्टे, सावलीकडची बाजू बहुतेक फिकटच. आत पांढरा, करकरीत, गोड गर. ऑक्टोबरात पिकणारं आणि पुष्कळ दिवस टिकणारं फळ, अशी याची नोंद काश्मीरवर पुस्तक लिहिणारे इंग्रज अधिकारी वॉल्टर लॉरेन्स यांनी 1895 सालीच केली आहे.

(दृश्य: काढणी, साठवण)
फळ ओढायचं नाही. तळहातात धरून वर उचलायचं आणि हलकं पिळायचं, म्हणजे देठ फळालाच राहतो. देठ उपटला तर त्या जखमेतून बुरशी शिरते. दबलेलं फळ बाजूला काढायचं. त्यातून सुटणारा इथिलीन वायू शेजारच्या फळांनाही लवकर पिकवतो. उरलेली फळं थंड, अंधाऱ्या खोलीत कोरड्या गवताच्या थरांत ठेवायची.

(दृश्य: जुनी बाग)
झाड फळावर यायला उशीर लावतं, स्कॅब या बुरशीच्या रोगाला लवकर बळी पडतं. बागा डेलिशियसकडे वळल्या. काश्मीरच्या कृषी विद्यापीठाने रेड डेलिशियसशी संकर करून ‘लाल अंबरी’ काढलं. चांगलं फळ आहे, पण ते अंबरी नव्हे.

(दृश्य: चाकू, काडी, हात)
बी पेरून अंबरी मिळत नाही. सफरचंदाच्या बीत दुसऱ्या झाडाचा पराग मिसळलेला असतो, त्यामुळे रोप वेगळंच निघतं. कलमच करावं लागतं. झाड झोपलेलं असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, पेन्सिलीएवढ्या जाडीची मागच्या वर्षीची काडी घ्यायची आणि ओलसर कापडात गुंडाळून थंड जागी ठेवायची. ती उबेत राहिली तर सांधा जुळण्याआधीच तिच्यावरचे डोळे, म्हणजे अंकुर, फुटतात आणि काडी वाळते.

मार्चमध्ये खुंटात, म्हणजे ज्या मुळासकटच्या रोपावर कलम बांधायचं त्यात, रस चढू लागला की काम सुरू. काडीवर दोन-तीन डोळे ठेवायचे. खुंटावर आणि काडीवर तीन-चार सेंटिमीटरचा तिरका काप, एकाच ओढीत. दोन्ही कापांत चीर देऊन जिभेसारखा पापुद्रा पाडायचा आणि ते एकमेकांत अडकवायचे. खुंट जाड असेल तर काडी मधोमध बसवू नये, एका कडेला आणावी: सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूला तंतोतंत भिडलाच पाहिजे. नव्वद टक्के फसलेली कलमं इथेच फसतात, असं म्हटलं तरी चालेल. मग पट्टी घट्ट आवळायची, काडीच्या टोकाला मेण.

सांध्याखालून फुटणारे खुंटाचे कोंब खुडत राहायचं. सांधा धरला की उन्हाळ्यात पट्टी कापायची. ती तशीच राहिली तर सालीत रुतते आणि रोप वाऱ्याने नेमकं तिथेच मोडतं.