कमेंटमधली चूक क्रॅशपर्यंत जाते

ओपन सोर्समधे डॉक्युमेंटेशनचं काम म्हटलं की लोकांना वाटतं स्पेलिंग नीट करायचं, तुटलेली लिंक बदलायची, म्हणजे ज्याला कोड जमत नाही त्याला देऊन टाकायचं काम. जीस्ट्रीमरच्या बाबतीत तरी हे साफ खोटं आहे, आणि का ते आज उदाहरणं घेऊनच बघू.

जीस्ट्रीमर बऱ्याच जणांनी वापरलेलं असेल, तरी थोडक्यात सांगतो, ऑडिओ-व्हिडिओ हाताळायचं हे सॉफ्टवेअर, यात छोटे छोटे एलिमेंट एकमेकांना जोडून पाइपलाइन बनवायची, एका टोकाला फाइल नाहीतर कॅमेरा, दुसऱ्या टोकाला स्क्रीन, स्पीकर, नेटवर्क जे काय असेल ते. हे एलिमेंट ढीगभर आहेत आणि वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेत, त्यामुळे सगळीकडे एकच पद्धत असेल अशी आशा ठेवू नका.

साधं बिटरेट घ्या, म्हणजे सेकंदाला किती डेटा ते. एक्स२६४एन्क या व्हिडिओ एन्कोडरमधे बिटरेट किलोबिटमधे द्यायचा, डिफॉल्ट २०४८. व्हीपी८एन्क या दुसऱ्या एन्कोडरमधे टार्गेट-बिटरेट आहे, तो सरळ बिटमधे. आता कोणी तिकडचा २००० उचलून इकडे चिकटवला तर सेकंदाला फक्त २००० बिट मिळणार, एरर काही येत नाही, पाइपलाइन मजेत चालते आणि चित्राची पार वाट लागते. मग माणूस दोन दिवस कॅमेऱ्याला शिव्या घालतो. प्रॉपर्टीच्या, म्हणजे एलिमेंटच्या अशा सेटिंगच्या, वर्णनात एकक लिहिलेलं असणं का गरजेचं आहे ते इथे कळतं.

आणि हे वर्णन असतं कुठे? जीएसटी-इन्स्पेक्ट ही एलिमेंटची माहिती दाखवणारी कमांड चालवल्यावर जे दिसतं ते सी कोडमधे प्रॉपर्टी रजिस्टर करताना दिलेल्या स्ट्रिंगमधून येतं, आणि वेबसाइटवरचं एलिमेंटचं पानसुद्धा कोडमधूनच तयार होतं. म्हणजे पानावर चूक दिसली की दुरुस्ती पानावर नाही, कोडच्या फाइलमधे जाऊन करायची. नवीन माणूस इथेच अडतो, पान एडिट करायचं बटण शोधत बसतो.

आता खरा गुंता. ॲपएसआरसी नावाचा एलिमेंट आहे, तुमच्या प्रोग्रॅममधून पाइपलाइनमधे डेटा ढकलायला. बफर, म्हणजे डेटाचा एक तुकडा, देण्याचे दोन रस्ते. पुश-बफरचं सरळ फंक्शन बोलावलं तर बफरची मालकी त्याच्याकडे जाते, तुम्ही परत अनरेफ करायचा नाही, म्हणजे त्यावरचा आपला हक्क सोडायचा नाही. तेच काम सिग्नल पाठवून केलं तर मालकी तुमच्याकडेच राहते, अनरेफ तुम्हीच करायचा. काम एक, नाव जवळजवळ एक, नियम उलटे! फंक्शनचं सिग्नेचर बघून हे अजिबात कळत नाही, डॉक्युमेंटेशनमधली एक ओळ काय ते सांगते. ती ओळ नसेल तर एकतर मेमरी गळत राहते नाहीतर प्रोग्रॅम आपटतो, आणि आपटतो तोही भलत्याच ठिकाणी.

बरं, ही ओळ कोडमधल्या कमेंटमधे असते, आणि ती कमेंट फक्त माणसंच वाचतात असंही नाही. ट्रान्सफर फुल (मालकी पुढे जाते), ट्रान्सफर नन (जात नाही), नलेबल (नल असू शकतं) असे जे शेरे कमेंटमधे असतात ते जीऑब्जेक्ट इन्ट्रोस्पेक्शन हे सी लायब्ररी दुसऱ्या भाषांना जोडणारं साधन वाचतं आणि त्यावरून पायथनसारख्या भाषांना कळतं की मिळालेली वस्तू सोडायची की नाही. फुलच्या जागी नन पडलं तर पायथनमधे लीक, ननच्या जागी फुल पडलं तर क्रॅश. सीमधे सगळं व्यवस्थित, त्यामुळे मूळ लेखकाला पत्ताच नसतो. ह्याला कोणी नुसती कमेंट म्हणत असेल तर म्हणू दे.

काही ठिकाणी मात्र एक ओळ पुरत नाही, कारण सांगावं लागतं. डेटा थोडा वेळ साठवून ठेवणाऱ्या क्यू एलिमेंटच्या डिफॉल्ट मर्यादा तीन, २०० बफर, १० एमबी, १ सेकंद, यातली कुठलीही एक गाठली की क्यू भरला. एक्स२६४एन्क डिफॉल्ट सेटिंगला पुढच्या बऱ्याच फ्रेम साठवून मगच पहिली फ्रेम बाहेर सोडतो, तोपर्यंत ऑडिओच्या फांदीतला क्यू भरून मागची वाट अडवतो आणि सगळी पाइपलाइन गोठते. ट्यून झीरोलेटन्सी कर, म्हणजे एन्कोडरला फ्रेम साठवूच देऊ नको, म्हणून सांगणारे खूप भेटतात, पण का अडलं हे कळलं तर माणूस ऑडिओचा क्यू मोठा करूनही सुटतो, व्हिडिओची क्वालिटी घालवायची गरज नाही. एक्स२६४एन्कच्या पानावर हे कारणासकट लिहिलंय, मला ते पान नमुना म्हणून दाखवायला आवडतं.

जुन्या उदाहरणांचा त्रास वेगळाच. जीस्ट्रीमर १.० आलं २०१२ मधे, तेव्हा एफएफएमपेगकलरस्पेस जाऊन व्हिडिओकन्व्हर्ट आलं, प्लेबिन२ चं नुसतं प्लेबिन झालं, तरी त्याआधीच्या ०.१० च्या कमांड अजून कॉपी होत फिरतात. अशी कमांड सुधारताना नुसती नावं बदलून थांबू नका, चालवून बघा, कारण कॅप्स, म्हणजे डेटाचा फॉरमॅट, लिहायची पद्धतही तेव्हाच बदलली.

सुरुवात कुठून करू असं मघाशी एकाने विचारलं. तुम्ही रोज वापरता तोच एलिमेंट घ्या, इन्स्पेक्ट करा, आणि ज्या प्रॉपर्टीपुढे बिट की किलोबिट, मिलिसेकंद की नॅनोसेकंद हे लिहिलेलं नाही ती पकडा. कोडमधे जाऊन खात्री करा, एवढीच एक स्ट्रिंग बदला, आणि मर्ज रिक्वेस्टमधे, म्हणजे बदल स्वीकारा म्हणून पाठवायच्या विनंतीत, कोडच्या कुठल्या ओळीवरून हे ठरवलं ते लिहा, रिव्ह्यू करणारा पहिलं तेच विचारतो.