हरणं भरपूर, मग शिकार सोपी?

नमस्कार श्रोतेहो.

आज शिकारीविषयी बोलायचं आहे. बंदूक शोधायला माळ्यावर जाऊ नका, हौसेखातर शिकार करायला कुणालाच परवानगी नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि परवाना काढून शिकार करायची जी वाट उरली होती ती 1991 च्या दुरुस्तीनं बंद झाली. पण शिकार थांबली ती माणसाची. वाघ, बिबट्या, रानकुत्री यांना कुठला कायदा? त्यांचं पोट रोजच्या रोज याच प्रश्नावर अवलंबून असतं, की रानात हरणं भरपूर असली म्हणजे शिकार सोपी होते का?

शंभरातले नव्वद जण म्हणतील, होते की! विहिरीत पाणी भरपूर असलं की बादली भरूनच येणार. पण हरीण म्हणजे पाणी नव्हे. त्याला पाय आहेत, कान आहेत, नाक आहे.

शिकारीचे दोन भाग असतात. पहिला भाग जनावर शोधणं. दुसरा भाग जनावराच्या जवळ जाणं. हरणं वाढली की पहिला भाग सोपा होतो आणि दुसरा अवघड होतो. पुन्हा सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटून बघता येत नाही: शोधणं सोपं, जवळ जाणं अवघड. हरणं कमी असली की उलटं. शोधता शोधता बुटाचे तळ झिजतात, पण एकदा सापडलं की ते बहुधा एकटंदुकटं असतं.

हे मला कुणी शिकवलं, तर आमच्या तात्यांनी. तात्या म्हणजे माझे मामा. कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकच्या वरच्या अंगाला त्यांचं घर. तरुणपणी त्यांच्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. राखण रानडुकरापासून करायची, पण सांबर दिसलं तर तात्या काही तोंड फिरवून बसत नव्हते. कायदा आल्यावर बंदूक जमा झाली आणि गोष्टी तेवढ्या उरल्या. कोयनेच्या रानात सांबराचा माग काढायचा म्हणजे ओढ्याकाठची खुरं बघायची, लेंड्या ओल्या का सुक्या ते बघायचं, झाडाच्या सालीवर शिंग घासलेलं बघायचं, आणि एवढं करून बहुतेक वेळा मोकळ्या हातानं घरी यायचं. पण सांबर दिसलं, की ते दाट झाडीत एकटं असायचं. ‘ढोंक’ करून एकदा ओरडायचं आणि जागेवर थांबून मान वळवून बघायचं. तात्या म्हणायचे, “त्यानं मागं बघितलं की त्येचं आयुष्य सरलं.”

तर या तात्यांना मी सागरेश्वरला घेऊन गेलो. तात्या तेव्हा ऐंशीच्या पुढचे, पण चालणं असं की माझाच दम निघावा. सागरेश्वर आपल्या सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाला, देवराष्ट्रेला लागून. एके काळी हे डोंगर उघडेबोडके होते. धों. म. मोहिते नावाच्या माणसानं तिथं झाडं लावायचा ध्यास घेतला, मग जनावरं आणून सोडली, आणि 1985 साली ते अभयारण्य झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, आणि भोवती कुंपण. आत चितळ, सांबर, काळवीट. वाघ नाही. मग व्हायचं तेच झालं, हरणं वाढली. इतकी वाढली की कुंपणाबाहेरच्या शेतकऱ्याला ऊस आणि शाळू राखत रात्री जागायची पाळी आली.

जाताना वाटेत चहाला थांबलो. आता एक सांगू का? हमरस्त्याला लागलं की दर फर्लांगावर ‘गुळाचा चहा’ अशी पाटी आहे, आणि त्यातल्या निम्म्या ठिकाणी दूध फाटू नये म्हणून साखरच घालतात. गूळ घालायचा तर गॅस बंद केल्यावर घाला, नाहीतर पाटी तरी उतरवा. असो.

दारातून आत गेलो आणि रस्त्याकडेलाच चितळांचा कळप. गाडी थांबवली तरी हलेनात. एक मादी तर आमच्याकडं बघत रवंथ करत होती. तात्यांनी काच खाली केली, नीट बघितलं आणि म्हणाले, “ही हरणं हायत व्हय? शेरडं हायत ही. हितं शिकार कशाला म्हनायचं? बसल्या जागी पाच पाडीन.”

बरोबर वनखात्याचा एक तरुण वनरक्षक होता. तो हसला. म्हणाला, “आजोबा, हे रस्त्यावरचं गिऱ्हाईक आहे. गाडीची आणि लोकांच्या हातच्या वेफरची सवय झालीय त्यांना. जरा आत चला, पायी.”

इथं थांबून एक जुनी गोष्ट सांगतो. संस्थानिकांच्या काळात कोल्हापूरकडं पाळीव चित्ते सोडून काळवीट धरत. चित्त्याला माळावर न्यायचं कशातून? बैलगाडीतून. काळविटांना बैलगाडी रोजची. शेतकऱ्याची गाडी येते, जाते, कुणी मान वर करत नाही. पायी माणूस दिसला तर कळप पळायचा, पण गाडी कळपाच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची आणि मग चित्त्याच्या डोळ्यांवरची टोपी काढायची. म्हणजे जनावर भीत नाही ते गाडीला. गाडीतल्याला भिण्याइतकं त्याला कळलेलंच नसतं.

तर पैज लागली. ठासणीच्या बंदुकीचा भरवशाचा पल्ला चाळीसेक पावलं. तात्यांनी पायी जाऊन, चाळीस पावलांच्या आत पोचून, माझ्या मोबाईलवर चितळाचा फोटो काढायचा. जमलं तर मी त्यांना नवी धोतरजोडी घ्यायची. नाही जमलं तर दारूगोळ्याच्या जुन्या गोष्टी वर्षभर बंद.

खाली उतारावर वाळलेल्या गवतात तीसेक चितळं चरत होती. तात्यांनी चिमूटभर माती सोडून वारा बघितला, तो अंगावर घेतला, आणि करवंदीच्या जाळीआडून वाकून निघाले. काय चाल होती! पाऊल टाकायच्या आधी पायानं पाचोळा चाचपायचा. आम्ही वरून बघतोय. पहिली काही पावलं झकास. मग एका मादीनं मान वर काढली. तात्या जागच्या जागी खांब झाले. तिनं मान खाली घातली. तात्यांनी पाय उचलला, तर पलीकडच्या दुसरीची मान वर. तात्या पुन्हा खांब. ती खाली, तर तिसरी वर. असं किती वेळ चाललं म्हणता! तीस जनावरांत एकही क्षण असा जाईना की कुणाचीच मान वर नाही. शेवटी एकीनं पुढचा पाय जमिनीवर आपटला. धप्. एवढ्यात कुठून तरी टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. एका चितळानं शीळ घातल्यासारखा कुकारा दिला, आणि शेपट्या वर करून तीसच्या तीस जनावरं पसार.

तात्या वर आले ते संतापून. “एक डोस्कं खाली घालती तवर दुसरी वर काढती! ह्यांच्यात काय पाळ्या लावल्यात काय?”

पाळ्याच म्हणा. अभ्यासकही हेच सांगतात. कळप मोठा झाला की एकेका जनावराला कमी वेळ टेहळणी करावी लागते, ते जास्त चरतं, आणि तरीही कुणीतरी बघत असतंच. साठ डोळे, साठ कान.

तात्या हरणाऱ्यातले नव्हेत. म्हणाले, आता पाणवठ्यावर बसतो. वनखात्यानं उन्हाळ्यासाठी बांधलेलं सिमेंटचं पाणी होतं, त्याच्या बाजूला एका खडकाआड जाऊन बसले. ऊन उतरत आलं. मोर आला, पाणी पिऊन गेला. मग चितळं आली, पण पाण्यापासून लांब थांबली. पुढं येईनात, मागं जाईनात. वारा फिरला होता, आणि तात्यांच्या अंगाला तंबाखूचा वास! अभयारण्य बंद व्हायची वेळ झाली. वनरक्षक घड्याळ दाखवायला लागला.

परत निघालो. पुढं तात्या, मान खाली, माझा मोबाईल हातात. वळणावर आले आणि समोर, मोजून दहा पावलांवर, सांबराचा नर. एकटा. मानेवर दाट आयाळ, शिंगाला वाळलेलं गवत अडकलेलं. त्यानं ‘ढोंक’ केलं आणि थांबून बघत राहिला, अगदी कोयनेतल्यासारखा. तात्यांनी मोबाईल उचलला, नेम धरला, बटण दाबलं. सांबर दोन ढांगांत झाडीत.

फोटो बघितला. त्यात तात्यांची अर्धी मिशी, नाक आणि वर आभाळ. कॅमेरा उलटा फिरलेला होता.

पैज कुणी जिंकली, यावर आमच्या घरी अजून वाद आहे. तात्यांचं म्हणणं, दहा पावलांवर पोचलो म्हणजे पोचलो. मामींचं म्हणणं, पैज चितळाची होती, सांबराची नव्हे. धोतरजोडी मी घेतली, ते सोडा.

याच्यात माणसाची हौस होती, पण वाघाचं पोट असतं. जॉर्ज शाल्लर या प्राणिशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात मध्य प्रदेशातल्या कान्हाच्या जंगलात वाघांचा अभ्यास केला. तिथं हरणं भरपूर. तरी त्यांचा अंदाज असा, की वाघाच्या वीस प्रयत्नांत एखादा यशस्वी होतो. वीसात एक!

मग भरपूर हरणांचा वाघाला उपयोग काय? उपयोग मोठा आहे. एकोणीस वेळा चुकलं तरी विसावी संधी त्याच रानात मिळते, मैलोन्‌मैल तुडवावे लागत नाहीत. नेपाळच्या चितवनमध्ये वाघिणीला वीसेक चौरस किलोमीटर रान पुरतं. रशियाच्या पूर्व टोकाला, जिथं सावज विरळ, तिथं एका वाघिणीला चारशे चौरस किलोमीटर लागतं. आणि एका वाघाला वर्षाला पन्नासेक मोठी जनावरं लागतात. ती मारूनही रान रितं होऊ नये, तर मागं पाचशेचा साठा हवा, असा हिशेब वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांनी मांडला आहे.

अमेरिकेतही हेच दिसतं. तिथं पांढऱ्या शेपटीची हरणं 1900 च्या सुमाराला पाचेक लाखांवर आली होती. कायदे कडक झाले, हरणं वाढली, आणि आता ती तीन कोटींच्या आसपास आहेत. तिथं परवान्यानं शिकार चालते. तरी कित्येक शिकारी मोसम संपताना हात हलवत घरी जातात, कारण पहिले बार वाजले की हरणं दिवसा झाडीत दडतात आणि रात्री चरतात. परसात गुलाब खाणारं हरीण मोसमात दिसेनासं होतं.

आता आपल्या घराकडं या. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. साधारण 1165 चौरस किलोमीटरचं रान. रान आहे, पाणी आहे, पण वाघाला पुरेल एवढं सावज नाही. म्हणून सागरेश्वरची जादा चितळं चांदोलीत न्यायचं काम वनखात्यानं हाती घेतलं, आणि विदर्भातून वाघ आणायची योजना आखली. मला हे पटतं. सागरेश्वरातल्या गवताचं ओझं कमी होतं आणि शेतकऱ्याला एखादी रात्र झोप मिळते.

पण माझी एक शंका आहे. जी चितळं पिढ्यान्‌पिढ्या कुंपणात, वाघ न बघता वाढली, ती चांदोलीत रानकुत्र्यांपुढं कशी टिकणार? सुरुवातीला सोपी सापडतील, यात शंका नको. रस्त्याकडेला उभं राहायची खोड ज्यांना आहे ती आधी जातील. जी मान वर काढतात, पाय आपटतात, ती राहतील, आणि त्यांची पोरं तसलीच निघतील. तात्यांना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, “मग त्या वेफर खाणाऱ्यास्नी कशाला पाठवता? आतली पाठवा की.”

वेफरवरून आठवलं. सागरेश्वरला जाणार असाल तर रेल्वेनं ताकारीला उतरून जाता येतं. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, पिण्याचं पाणी बरोबर घ्या, आणि हरणाला पुड्यातलं काहीही चारू नका. तुमचं पोर हौसेनं हात पुढं करतं आणि तुम्ही रील काढता, पण त्या जनावराची माणसाची भीती तुम्ही काढून घेताय. आणि कुंपणाशेजारी ज्यांची शेती आहे त्यांनी पिकाचं नुकसान झालं की लगेच वनखात्याच्या कार्यालयात कळवावं, पंचनामा करून घ्यावा. उशीर केला तर खुरांच्या खुणा पुसल्या जातात आणि मग वाद घालत बसावं लागतं.

माझी वेळ संपली. आता सांगली बाजार समितीतले हळदीचे भाव ऐका. नमस्कार.