तोफ ऐकू येते, तार नाही

(दृश्य: देवळाली कॅम्प, सकाळ. लांबून तोफेचा आवाज.)

देवळालीच्या रेंजवर तोफा सुरू झाल्या की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. नाशिककरांना त्याची सवय आहे. तोफखान्याचं स्कूलच इथं, त्यामुळे लष्कर म्हटलं की या गावाला आधी तोफ आठवते. माझे बाबा मात्र सिग्नल्सचे, म्हणजे लष्कराचं संपर्काचं काम बघणारे. ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झाले, तरी शेजारचे आजोबा अजून विचारतात, "साहेब कोणत्या तोफेवर होते?"

सिग्नल्स कोअर १५ फेब्रुवारी १९११ची. ब्रीद 'तीव्र चौकस'. बाबा भोसला मिलिटरी स्कूलमधून खडकवासल्याला गेले, मग डेहराडून, मग सिग्नल्सचं शिकायला महूला.

१९९९च्या उन्हाळ्यात, कारगिल युद्धात, ते द्रासला होते. वर तोलोलिंगच्या डोंगरावर शत्रू बसलेला, आणि खालचा श्रीनगर-लेह रस्ता त्याच्या नजरेच्या टप्प्यात. गाड्या रात्री दिवे मालवून निघायच्या. गोळा पडला की टेलिफोनची वायरही तुटायची. वायरलेस होता, पण त्यावरचं बोलणं शत्रूच्याही कानावर जाऊ शकतं. म्हणून लाइनमन अंधारात निघायचे, वायर मुठीतून सरकवत, तुटलेलं टोक हाताला लागेपर्यंत.

(दृश्य: जवळून. टेबल, काळी दुहेरी वायर, पक्कड.)

तो जोड बाबांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवला. आधी दोन्ही टोकांची गाठ. ताण गाठीवर यायला हवा, उघड्या तांब्यावर नाही. मग आवरण सोलायचं, तारेला तार पिळायची, वर टेप. दोन पदरांचे जोड शेजारी-शेजारी घ्यायचे नाहीत, एकमेकांना टेकले तर लाइन गेली. उजेडात, खुर्चीत बसून त्यांना चार मिनिटं लागली. "तिथं पोरांना हातमोजे काढावे लागायचे," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ वायरीकडे बघत राहिले.

१३ जूनला तोलोलिंग आपल्या हाती आलं. त्या लढाईतल्या तोफा देवळालीत शिकलेल्यांनी चालवल्या, याचा मला नाशिककर म्हणून अभिमान आहेच. पण पलटणीबरोबर वर चढणारा तोफखान्याचा अधिकारी 'शंभर मीटर डावीकडे' म्हणतो, ते खाली पोहोचलं नाही, तर गोळा आपल्याच पोरांवर पडू शकतो. हे समजायला मला फार वर्षं लागली.

पुढे कर्नल झाल्यावर बाबांकडे लडाखमध्ये क्यू ब्रँच आली. म्हणजे रसद. पीठ, रॉकेल, दारूगोळा, बर्फातले बूट. श्रीनगर-लेह रस्त्यावरची झोजी ला खिंड सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, तेव्हा हिवाळ्यात महिनोन् महिने बंद असायची. थंडीचा साठा उन्हाळ्यातच वर चढवायचा. खिंड बंद झाली की फक्त विमानाचा आधार, आणि तोही हवामानाच्या मर्जीवर.

नाशिकच्या माणसाला कांद्याचं काय कौतुक! पण गोठलेला कांदा बाबांनी तिथंच पहिल्यांदा पाहिला. हातात घेतला तर दगड, उबेला ठेवला तर पाणी सुटून लिबलिबीत. शेवटच्या चौकीवर पोचेपर्यंत गोणीतला किती कांदा चांगला राहतो, ते स्वतः मोजून बघायचे. आईला पत्रात तोच हिशेब लिहायचे. ती पत्रं अजून कपाटात आहेत.

(दृश्य: संध्याकाळ, गंगापूर रोडवरचं घर. फोन वाजतो.)

मी पुण्याहून रोज आठ वाजता फोन करते. बाबा अजूनही 'हॅलो' म्हणत नाहीत. आधी विचारतात, "आवाज साफ येतोय का?"

मी "हो" म्हणते.

"जेवलीस?"