‘एक नंबर साहेब’ म्हणणारी पार्टी

नमस्कार श्रोतेहो.

आम्हा सीए लोकांच्या टपालात अधूनमधून एक पत्र येतं. दोनच ओळींचं. अमुक अमुक फर्मनं त्यांच्या ऑडिटसाठी आमची नेमणूक केली आहे, आपली काही हरकत असल्यास कळवावे. दुसऱ्याच्या हातातलं ऑडिट घेण्याआधी त्याला लेखी कळवायचं, हा नियम चार्टर्ड अकाउंटंटांच्या १९४९ च्या कायद्यातच आहे. आम्ही त्याला एनओसीचं पत्र म्हणतो. हरकत कसली घेणार? तोवर पार्टी गेलेली असते.

पार्टी म्हणजे तुमच्या भाषेत गिऱ्हाईक. वकील पक्षकार म्हणतात, डॉक्टर पेशंट म्हणतात, नवीन पोरं क्लायंट म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात पार्टीच.

काही वर्षांपूर्वी असंच एक पत्र आलं, हळदीच्या एका अडत्यांचं. चौदा वर्षांची पार्टी. पंधराच दिवस आधी मी त्यांच्या गाळ्यावर चहा प्यायलो होतो आणि विचारलंही होतं, “अण्णा, आमचं काम बरं चाललंय ना?” अण्णा म्हणाले होते, “एक नंबर साहेब.”

मला राहवलं नाही. गेलो. अण्णांनी पुन्हा चहा मागवला, पावसाचं बोलले, मुलाच्या लग्नाचं बोलले. ज्यासाठी गेलो होतो त्यावर अक्षर नाही. निघताना दिवाणजी स्कूटरपर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, तुमच्या ऑफिसातला पोरगा सौदे चालू असताना फोन करतो. तेव्हा अण्णा कुणाचा घेतील? मग तो गप्प बसतो, आणि वीस तारखेला रात्री नऊला बिलं मागतो. तीनदा लेट फी बसली.”

जीएसटीचं थ्री-बी रिटर्न महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचं असतं. चुकलं तर दिवसाला पन्नास रुपये. अडत्याला ही रक्कम म्हणजे किस झाड की पत्ती. तेच दिवाणजी म्हणाले, “पैशाचं काही नाही हो. अण्णांना वाटलं, आता आपली किंमत राहिली नाही.”

चौदा वर्षं मी अण्णांना विचारत होतो. दिवाणजींना एकदाही विचारलं नव्हतं.

मार्केटिंगवाल्यांकडे एक पट्टी असते. आमची शिफारस तुम्ही मित्राला कराल का, शून्य ते दहात सांगा. फ्रेड राइकहेल्ड नावाच्या अमेरिकन सल्लागारानं २००३ मध्ये ती मांडली. नऊ-दहा देणारा आपला, सहा किंवा त्याखाली देणारा नाराज. मोठ्या कंपन्यांना ती उपयोगी पडत असेल. आपल्याकडे समोर बसलेल्या माणसाला सहा कोण देणार? रविवारी त्याच्याच घरच्या वास्तुशांतीला जेवायला जायचं असतं! मी आमच्या ऑफिसात एकदा तसा फॉर्म वाटला. सगळ्यांनी दहा दिले. त्यातले दोघे पुढच्या मार्चपर्यंत दुसरीकडे गेले.

मग मी फॉर्म बंद केला आणि फोनशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली. तारीख, कोणाचा फोन, काय विचारलं. तक्रार हा रकानाच नाही, कारण तक्रार करायला कुणी फोन करत नाही. माणूस विचारतो. जुलैअखेर वही उघडली तर निम्म्याहून जास्त फोन एकाच प्रश्नाचे, “माझं इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलं का?” भरलेलं होतं! सांगितलंच नव्हतं. कामात खोट नव्हती, पण पार्टी आठवडाभर अंधारात होती. आता पोचपावती त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, खाली मराठीत एक ओळ: ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे रिटर्न आपलंच असल्याची ऑनलाइन कबुली, तीस दिवसांत करायचं आहे, त्यासाठी ओटीपी लागेल.

दुसरा प्रश्न जरा घाबऱ्या आवाजातला असायचा. “साहेब, इन्कम टॅक्सची नोटीस आली!” ती नोटीस नसतेच. रिटर्न तपासल्यावर बंगळूरच्या केंद्रातून कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर येते, बहुतेक वेळा ‘सगळं जुळलं’ एवढंच सांगणारी. पण फाइलला पासवर्ड, वर कलमाचा आकडा. रिटायर्ड मास्तरांची झोप उडणारच. आता आम्ही आधीच सांगून ठेवतो: असा मेल येईल, पासवर्ड म्हणजे लहान लिपीत पॅन आणि पुढे जन्मतारीख, उघडून आम्हाला पाठवा.

विचारायचंच असेल तर ‘कसं वाटलं’ विचारू नका, त्याला ‘छान’शिवाय उत्तर नाही. आम्ही विचारतो, “यंदा कोणत्या कामासाठी तुम्हाला आम्हाला दोनदा फोन करावा लागला?” आणि तेही मी नाही विचारत, ऑफिसातल्या जुन्या बाई विचारतात, बिल जाण्याआधी. बिलासोबत विचारलं की पार्टीला वाटतं, हे फी वाढवणार. वकील मित्रांना मी हेच सांगतो. पुढची तारीख पक्षकाराला मोबाइलवर दिसते, पण आज कोर्टात काय झालं ते तुम्हीच सांगायचं असतं. आम्हाला आणि वकिलांना काम मागत फिरायला मनाई आहे. जुनी पार्टी नवीन पार्टीला घेऊन येते, दुसरं दार नाही.

सगळंच ऐकायचं असं मात्र नाही. “तेवढं बोगस बिल बसवून द्या” म्हणणारा नाराज होऊन गेला, तर जाऊ द्यावा.

ज्याच्या बोलण्यावरून काही बदललं, त्याला मात्र आवर्जून कळवावं. यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याला सांगितलं, “तुमच्या दिवाणजींमुळे आता आम्ही चारनंतरच फोन करतो.” तेव्हापासून ते दिवाणजी आपणहून फोन करून आणखी चार गोष्टी ऐकवतात. कधीकधी नकोशा होतात.

अण्णा काही परत आले नाहीत. दिवाळीला फराळ येतो. आणि वहीत या महिन्यात सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे, “तुमच्या ऑफिसखाली गाडी लावायची कुठं?” त्यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही.

नमस्कार.