बेटावरचा एकुलता एक पाळणा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक ग्रीक कुंभ आहे. एक्सेकिआस नावाच्या कलावंताने इसवी सनापूर्वी ५३०च्या सुमारास तो रंगवला. त्यावर ग्रीक वीर अकिलीस आणि अ‍ॅमेझॉनांची राणी पेंथेसिलीया आहेत. अ‍ॅमेझॉन म्हणजे ग्रीक कथांतल्या लढवय्या बायका. अकिलीसचा चेहरा शिरस्त्राणाने झाकलेला आहे. तिचा मात्र उघडा आहे, पांढऱ्या रंगात काढलेला. तिचा तोल गेलाय, त्याचा भाला तिच्या गळ्याशी टेकलाय, आणि ती मान वळवून थेट त्याच्याकडे बघते आहे. त्या बघण्यावरून माझी नजर हटत नाही.

ग्रीकांनी अ‍ॅमेझॉनांना मरण भरपूर दिलं. हिप्पोलिटाला हेराक्लीसने कमरपट्ट्यासाठी मारलं, अँटिओपीला थिसिअसने पळवलं. अथेन्सच्या पार्थेनॉनच्या पश्चिम बाजूला त्यांची युद्धं दगडात कोरली. पण या बायका लहानपणी कशा होत्या? कुणी त्यांना घोड्यावर बसवलं, पहिल्यांदा पडल्यावर कुणी उचललं? याबद्दल त्या कथा जवळजवळ गप्प आहेत. शत्रूचं बालपण कोण सांगत बसणार! म्हणून मला वाटतं, अ‍ॅमेझॉनांच्या कथेतला सर्वांत मोठा बदल कुणी केला असेल, तर ज्यांनी त्यांच्या बेटावर एक पाळणा बांधला त्यांनी.

तो बांधला विल्यम मोल्टन मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. त्याची वंडर वुमन, म्हणजे अ‍ॅमेझॉनांच्या बेटावर वाढलेली राजकन्या डायना, १९४१च्या अखेरीस कॉमिकमध्ये आली, एच. जी. पीटर यांच्या रेषांतून. मार्स्टनचं घर इथे लक्षात घ्यायला हवं. पत्नी एलिझाबेथ आणि सहचरी ऑलिव्ह बर्न, दोघींची मिळून चार मुलं, सगळी एकाच छपराखाली. एलिझाबेथ नोकरीला जायची, ऑलिव्ह घरी मुलं सांभाळायची. मार्स्टन १९४७ साली गेला, त्यानंतरही दोघी एकत्रच राहिल्या. ऑलिव्हच्या मनगटात रुंद कडी असत. तीच डायनाच्या हातात आली. बायकांनी मिळून मूल वाढवायचं ही कल्पना त्या माणसाला हवेतून सुचली नव्हती. रोज जेवायला बसताना तो ती समोर बघत होता.

१९४२च्या कॉमिक कथेत बेटाची राणी हिप्पोलिटा मातीची मुलगी घडवते, तीच डायना. घडवायची विद्या देवी अथीना शिकवते, प्राण देवी अ‍ॅफ्रोडाइटी फुंकते. बापाचा संबंधच नाही. आपल्याला यात परकं काही वाटत नाही. पार्वतीने अंगच्या मळाचा गणपती केला, हे आपण लहानपणापासून ऐकतो. घरी शाडूचा गणपती केलेल्यांना तर हे हातांनी कळेल. कान चिकटवताना बोट ओलं करावं लागतं, नाक दहादा पुसून पुन्हा काढावं लागतं, आणि कितीही गुळगुळीत केलं तरी पाठीवर कुठेतरी अंगठ्याचा ठसा उरतो. डायनाच्या अंगावर आईच्या अंगठ्याचा ठसा आहे असं मी नेहमी धरून चालते. पार्वतीने मात्र मुलगा केला आणि दारावर उभा केला. हिप्पोलिटाला मुलगी हवी होती, ती कशाच्याही रक्षणासाठी नव्हे. नुसती हवी होती.

पुढे लेखक बदलत गेले. १९६१ साली तर डायनाच्या दुडूदुडू धावण्याच्या वयाच्याही गोष्टी आल्या. पण मला थांबायचंय ते १९८७पाशी. जॉर्ज पेरेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळी कथा नव्याने मांडली. बेटाला थेमिस्किरा हे नाव तेव्हा मिळालं. ते प्राचीन ग्रंथांतलं आहे. थर्मोडॉन नदीकाठी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर, अ‍ॅमेझॉनांचं हे नगर होतं असं ग्रीक मानत. या नव्या कथेत बेटावरची प्रत्येक स्त्री म्हणजे पूर्वी पुरुषांच्या हातून मारल्या गेलेल्या एखाद्या बाईचा आत्मा आहे. हिप्पोलिटा पूर्वजन्मी गरोदर असताना मारली गेली होती. न जन्मलेल्या त्या बाळाचाच आत्मा मातीच्या डायनात येतो.

कल्पना करा. हजारो मावश्या, एकच मूल. प्रत्येक मावशीच्या आत कुठेतरी जुना घाव आहे आणि या पोरीला घाव म्हणजे काय हे ठाऊक नाही. ती झाडावर चढली की किती जणींच्या काळजात धस्स होत असेल! २०१७च्या चित्रपटात आई मुलीला युद्धविद्या शिकू देत नाही, त्याचं मूळ मला याच भीतीत दिसतं.

२०११ साली हे सगळं पुसून डायनाला ग्रीक देवराज झ्यूसची मुलगी केलं. मातीची गोष्ट म्हणजे आईने सांगितलेलं खोटं, आणि बेटावरच्या बायका तिला 'माती' म्हणून चिडवायच्या. मला हा बदल पटत नाही. बाप आला की आईने घडवलेलं सगळं त्याच्या रक्ताच्या नावावर जमा होतं.

त्याउलट जिल थॉम्पसन यांनी २०१६ साली जलरंगात रंगवलेली डायना मला फार खरी वाटते. ती लाडावलेली आहे. सगळं बेट तिला डोक्यावर घेऊन नाचतं, फक्त तबेल्यातली एक मुलगी तिच्यापुढे झुकत नाही. तिच्याकडून कौतुक मिळवायच्या हट्टापायी डायनाच्या हातून अनर्थ घडतो, माणसं मरतात. मग तिचा तो प्रसिद्ध वेश मिरवण्याचा उरतच नाही, प्रायश्चित्ताचा होतो. एकुलत्या मुलीला हजार मावश्या असल्या तर असंही होऊ शकतं, हे म्हणायला धाडस लागतं.

नवनाथांच्या पोथीतलं स्त्रीराज्य तुम्हाला आठवत असेल. तिथेही एक मूल आहे, मीननाथ. पण तो मुलगा आहे, आणि गोरखनाथ आल्यावर बापाबरोबर राज्य सोडून निघतो. तिथे राहून वाढणाऱ्या मुलीची गोष्ट आपणही सांगितलेली नाही.

शेवटी एक खरी मुलगी. सायबेरियातल्या तुवा प्रदेशात १९८८ साली एक थडगं सापडलं, सुमारे २६०० वर्षांपूर्वीचं. लार्चच्या ओंडक्याची शवपेटी इतकी घट्ट बंद होती की आतलं शरीर बरंचसं टिकलं होतं. सोबत कुऱ्हाड, बर्च लाकडाचं मीटरभर लांबीचं धनुष्य, बाणांनी भरलेला भाता. मणी नाहीत, आरसा नाही. म्हणून संशोधकांनी ठरवलं, हा मुलगा. तीसेक वर्षं ती मुलगा म्हणूनच नोंदलेली होती. २०२०मध्ये डीएनए तपासणीचा निष्कर्ष आला, तेव्हा कळलं की ती मुलगी होती. वय तेराच्या आतलं.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलंय की अ‍ॅमेझॉन बायका सिथियन या भटक्या घोडेस्वार लोकांतल्या तरुणांना म्हणाल्या, आम्ही धनुष्य चालवतो, घोड्यावर बसतो. तुमच्या बायकांची कामं आम्हाला कुणी शिकवली नाहीत. तुवातल्या या पोरीला मात्र धनुष्य कुणीतरी शिकवलं असणार. पहिला बाण भलतीकडेच गेला असणार, दोरी दंडावर सपकन बसून वळ उठला असणार, आणि बाजूला उभ्या असलेल्या कुणीतरी तो वळ चोळून दिला असणार. डायनाचं बालपण पुढे जो कुणी लिहायला घेईल, त्याने ही दुपार आधी लिहावी.