सॅम्पसन रोच आणि तळहातावर मावणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो. माझा आवाज या क्षणी तुमच्या घरात पोहोचतो आहे, आणि मी बोलणार आहे ते कानांनी काहीच ऐकू न येणाऱ्या, तोंडाने बोलू न शकणाऱ्या एका चित्रकाराविषयी. सॅम्पसन टाउगुड रोच. जन्म १७५९ चा, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या यॉल या बंदराच्या गावचा.

त्या वेळी आयर्लंडमध्ये मूकबधिर मुलांसाठी शाळाच नव्हती. पहिली शाळा निघाली १८१६ मध्ये. तोवर रोच पंचावन्न ओलांडून गेला होता आणि त्याचं नाव झालं होतं. आधी डब्लिन, कॉर्क आणि १७९२ पासून इंग्लंडमधलं बाथ. तिथे गरम पाण्याचे झरे. पैसेवाली मंडळी औषधपाण्याला यायची आणि आपलं छोटं चित्र काढून घ्यायची.

छोटं म्हणजे तळहातावर मावेल एवढं. हस्तिदंताचा कागदासारखा पातळ काप घ्यायचा, प्युमिस दगडाच्या पुडीने घासून त्याचा तेलकटपणा काढायचा. रंग डिंकात कालवलेले. बारीक कुंचल्याने ठिपक्याला ठिपका जोडत जायचं. पाणी जरा जास्त झालं की खालचा रंग उठलाच! गालावर रंग इतका विरळ ठेवायचा की हस्तिदंताचा उजेड आतून यावा. लॉकेटच्या मागे पुष्कळदा त्या माणसाच्या केसांची बट, काचेखाली. लढाईवर निघालेला नवरा असा बायकोच्या गळ्यात राहायचा.

रोचच्या चित्रांतली डोकी थोडी मोठी असतात, आणि ओठांच्या कोपऱ्यात किंचित हसू. समोर बसलेल्याशी दोन शब्द बोलून त्याला मोकळं करायची सोय त्याला नव्हती. तरी ते हसू त्याने मिळवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

१८२२ मध्ये तो यॉलजवळच्या वुडबाइन हिल इथे परतला. हस्तिदंत मागे पडला आणि जलरंगात तो गावची साधी माणसं रंगवू लागला. सोन्याच्या लॉकेटात कधीच न जाणारी ही माणसं.

१८४७ मध्ये तो गेला. बटाट्याच्या रोगाने पडलेल्या दुष्काळातलं ते सर्वांत भीषण साल. त्या दुष्काळात सगळ्यांत जास्त मेली ती याच थरातली माणसं.