खाणीच्या शेवटाबद्दल आधी विचारा

नमस्कार श्रोतेहो.

आदिवासींच्या जमिनीवर खाण येणार असते, तेव्हा सभेत जे बोललं जातं ते जगात जवळपास सगळीकडे सारखंच असतं. नोकऱ्या किती मिळणार, रस्ता कुठून जाणार, दवाखाना कधी होणार. माल किती वर्षं पुरेल तेही सांगतात. माल संपल्यावर काय, हे मात्र कंपनीच्या अहवालाच्या शेवटच्या पानांत असतं आणि सभा तिथवर पोचतच नाही. माझं आज एवढंच आग्रहाचं सांगणं आहे की ती शेवटची पानं आधी उघडा. आदिवासी समाजांना खाणकाम समजावून द्यायला जे भूशास्त्रज्ञ, वकील, कार्यकर्ते जातात, त्यांनीसुद्धा सुरुवात तिथूनच करावी.

कॅनडाच्या उत्तरेला यलोनाइफ शहराला लागून 'जायंट' नावाची सोन्याची खाण होती. ती 1948 मध्ये सुरू झाली. तिथलं सोनं आर्सेनिक असलेल्या खनिजात अडकलेलं, त्यामुळे खनिज भाजावं लागे. धुरातून आर्सेनिक बाहेर पडून बर्फावर बसे, आणि आसपासचे यलोनाइव्हज डेने हे आदिवासी लोक बर्फ वितळवून तेच पाणी पीत. 1951 मध्ये एका डेने बालकाचा आर्सेनिकच्या विषबाधेने मृत्यू झाला. पुढे धूर गाळून त्यातली आर्सेनिकची भुकटी गोळा करू लागले आणि खाणीच्याच पोटातल्या दालनांत भरू लागले. आज तिथे 2,37,000 टन भुकटी आहे. ती पाण्यात विरघळते. तिला वास नाही, चव नाही. 1999 मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत गेली. खाणीतलं काम आणखी काही वर्षं, 2004 पर्यंत चाललं, पण विषाचा साठा सरकारच्या, म्हणजे जनतेच्या गळ्यात पडला. सफाईच्या खर्चाचा 2022 चा अंदाज 438 कोटी कॅनडियन डॉलर आहे.

सरकारने ठरवलं होतं की ही भुकटी जमिनीखालीच गोठवायची आणि कायमची तशीच ठेवायची. कायमची म्हणजे किती काळ, आणि तोवर तिच्यावर पहारा कोण ठेवणार, हा प्रश्न डेने समाजाने आणि शहरातल्या लोकांनी लावून धरला. सुनावण्या झाल्या. 2013 मध्ये परीक्षण मंडळाने अहवाल दिला: गोठवणं हा फार तर 100 वर्षांचा उपाय समजा, दर 20 वर्षांनी स्वतंत्र फेरतपासणी करा आणि कायमचा उपाय शोधत राहा. 2015 मध्ये देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळाचा करार झाला, आणि त्या करारात यलोनाइव्हज डेने एक पक्ष म्हणून आहेत. हे सगळं खाण बंद पडल्यावर मिळालं. खाण उघडण्याआधी त्या समाजाला कुणी विचारलंही नव्हतं.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण खाणीची इजा बहुतेक वेळा पाण्यातून येते. पुष्कळ धातू खनिजांबरोबर जमिनीत गंधकयुक्त खडक असतो. जमिनीखाली असेपर्यंत तो निवांत असतो. खणून वर काढला, त्याला हवा आणि पाऊस लागला, की त्यातून गंधकाम्ल तयार होऊ लागतं. सूक्ष्म जिवाणू ही क्रिया आणखी वाढवतात. आम्लाचं पाणी खडकातले तांबं, जस्त, शिसं, आर्सेनिक असे घटक ओढून नेतं. एकदा हे सुरू झालं की शतकानुशतकं चालू राहू शकतं. ओढ्यातले दगड केशरी दिसू लागले, तर ते याचंच लक्षण असू शकतं.

पण दगड केशरी होईपर्यंत थांबू नका. खडकात चुनखडीसारखे घटक असतील तर ते सुरुवातीला आम्ल मारत राहतात, म्हणून पाणी वरवर ठीक वाटतं. अशा वेळी पाण्यातलं सल्फेट मात्र आधीच चढायला लागलेलं असतं. असे क्षार वाढले की पाण्यातून वीज जास्त सहज वाहते, म्हणजे त्याची विद्युतवाहकता वाढते. ती मोजणारं छोटं यंत्र हातात मावतं आणि ते वापरायला कुणालाही शिकवता येतं. एकाच जागी, ठरलेल्या ऋतूंत, बर्फ वितळताना किंवा पहिल्या मोठ्या पावसातही माप घेऊन वहीत लिहायचं. आकडे चढताना दिसले की प्रयोगशाळेकडे जायचं. नमुना घेतानाच त्याचे दोन भाग करावेत आणि एक भाग समाजाने निवडलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा.

ही वही खाण यायच्या आधी सुरू झाली पाहिजे. आधीचे आकडे नसतील, तर पुढे कंपनीला म्हणता येतं की इथलं पाणी पहिल्यापासून असंच आहे. मग गावाला आपलं पाणी चांगलं होतं, हे सिद्ध करता येत नाही. समाजाला मदत करणाऱ्याने वेळ काढायचा असेल तर सगळ्यात आधी यासाठी काढावा.

ज्यांच्याकडे खाणी येऊन गेल्या, त्यांचं काय? अमेरिकेतल्या नवाहो लोकांच्या भूमीतून 1944 ते 1986 या काळात सुमारे 3 कोटी टन युरेनियमचं खनिज निघालं. मागे 500 हून जास्त खाणी तशाच सोडून दिल्या गेल्या. लोकांनी तिथले दगड घरं बांधायला वापरले, मेंढ्या खाणींच्या डबक्यांत पाणी प्यायल्या, विहिरींच्या पाण्यात युरेनियम सापडलं. 16 जुलै 1979 रोजी चर्च रॉक इथे खनिजातून युरेनियम वेगळं काढणाऱ्या गिरणीच्या गाळाचा बांध फुटला आणि सुमारे 35 कोटी लिटर आम्लयुक्त, किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्याच थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात झालेला अपघात जगभर गाजला. चर्च रॉकची घटना मात्र फारशी कुणाला माहीत नाही. तिथे मेंढपाळ आदिवासी राहत होते, म्हणून ती दुर्लक्षित राहिली, असं मला स्पष्टपणे वाटतं. 2005 मध्ये नवाहो राष्ट्राने स्वतःचा कायदा करून आपल्या भूमीत युरेनियमचं खाणकाम बंद केलं.

सोडलेल्या खाणी शोधताना सरकारी नकाशे पुरे पडत नाहीत. बोगद्याचं तोंड कुठे होतं, कचरा कुठल्या ओघळीत टाकला, कुठल्या खड्ड्यात जनावर पडलं, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं. त्यांच्याबरोबर फिरून जागा नोंदवाव्यात, पण कुणीही आत शिरू नये. जुन्या बोगद्यांत प्राणवायू कमी असतो, लाकडी टेकू कुजलेले असतात, कधी न फुटलेली स्फोटकंही असतात. खाणीत उतरायची विहिरीसारखी उभी वाट झुडपांनी किंवा बर्फाने झाकलेली असते. मुलांना हे शाळेत सांगितलं पाहिजे.

आता कागदांकडे वळू. अहवालाचा सारांश नेहमी गोड असतो. खरी माहिती परिशिष्टांत असते: खडकाच्या आम्लचाचण्या, पाण्याचा ताळेबंद, बंद करण्याची योजना आणि तिच्यासाठी ठेवलेली रक्कम. ही रक्कम रोख किंवा भक्कम बँक हमीच्या रूपात, काम सुरू होण्याआधी बाजूला काढलेली असावी. कंपनीच्या नुसत्या शब्दावर विसंबू नका. कॅनडातल्या युकॉनमध्ये कास्का आदिवासींच्या भूमीत फॅरो नावाची शिसं-जस्ताची प्रचंड खाण 1969 मध्ये सुरू झाली आणि 1998 मध्ये मालक दिवाळखोर झाल्यावर थांबली. मागे 7 कोटी टन गाळ आणि 32 कोटी टन टाकाऊ खडक उरला. तिथलं पाणी शुद्ध करण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होतो. आणखी एक युक्ती ओळखून ठेवा. काही कंपन्या खाण 'तात्पुरती बंद' असल्याचं जाहीर करतात आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवतात, म्हणजे सफाईची वेळ येतच नाही. या तात्पुरतेपणाला मुदत हवी, आणि ती परवान्यातच लिहिलेली हवी.

नकार देता येतो का? येतो. संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या जाहीरनाम्यात आदिवासींच्या मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचं, म्हणजे दडपण न आणता, आधी आणि सगळी माहिती देऊन घेतलेल्या संमतीचं तत्त्व आहे. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइट खणण्याच्या प्रस्तावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्रामसभांना विचारायला सांगितलं. बाराही ग्रामसभांनी नकार दिला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कुणीही संगणकावर बसून आदिवासींच्या भूमीवर खनिजाचा दावा नोंदवू शके. तिथलं गिटखाला हे आदिवासी राष्ट्र न्यायालयात गेलं, आणि 2023 मध्ये न्यायालय म्हणालं की आधी सल्लामसलत करणं सरकारला बंधनकारक आहे.

आणि एखाद्या समाजाने सगळं समजून घेऊन होकार दिला, तर तोही त्यांचा हक्क आहे. बाहेरून आलेल्या मदतनिसाने त्यांच्या वतीने हो किंवा नाही ठरवू नये. त्याने तज्ज्ञ गाठून द्यावेत, त्या तज्ज्ञांचं मानधन कंपनीकडून किंवा सरकारकडून घ्यावं, पण निवड समाजाची असावी. पाण्याचे आकडे आणि जागांचे नकाशे कुणाच्या मालकीचे, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावं. पूजास्थानं आणि औषधी वनस्पतींच्या जागा नकाशावर दाखवायच्या की नाही, हे समाजानेच ठरवायचं.

नमस्कार.